खांद्यावरचा पैलवान

आखाड्याचा घेर त्रेसष्ट हात होता, म्हणजे आरपार वीस हात. आत अकरा गाड्या तांबडी माती, तिच्यात ताक, हळद आणि करडईचं तेल कालवलेलं. हलगीवाले सात. गुलालाची पोती सहा, त्यांतली दोन सकाळीच फोडलेली. पाण्याचे डेरे दोन. पंचांना बसायला बाज एक, तिच्यावर घोंगडी. कडुलिंबावरची माकडं मी चाळीसपर्यंत मोजली, मग ती जागा बदलायला लागली आणि मी मोजणी सोडली. माणसं मोजता येण्यासारखी नव्हती. दहा चौरस हातांत किती उभी आहेत ते तीन ठिकाणी पाहून मी अंदाज काढला, तो साडेतीन हजारांच्या आसपास आला.

सोनारीच्या काळभैरवाच्या चैत्री जत्रेतला हा कुस्त्यांचा दिवस. साल फसली १३५५, इंग्रजी १९४६. मी हैदराबादेत बी.एस्सी. होऊन वर्षभरापूर्वी परंड्याच्या शाळेत सायन्स शिकवायला आलो होतो. माझ्याकडे सेकंदकाट्याचं घड्याळ होतं, आणि शेवटची कुस्ती वेळेच्या बोलीवर ठरली होती. म्हणून पंचांनी मला बाजेच्या एका टोकाला जागा दिली होती.

शेवटची कुस्ती बिरदेव आणि गुंडप्पा यांची. बिरदेव सोनारीपासून कोसभरावरच्या धनगरवाडीचा, वय बावीस. घरी आई हरणाबाई आणि सत्तर मेंढरं. लोकर कातरायची ती त्यानंच, बाप नव्हता. कळंबच्या बंडप्पा वस्तादांनी त्याला सहा वर्षं आपल्या तालमीत ठेवून तयार केलं होतं. गुंडप्पा लोहाऱ्याकडच्या सास्तूरचा, बिरदेवापेक्षा निदान पंधरा शेरांनी जड.

कुस्ती लागायच्या आधी बंडप्पा वस्ताद बाजेपाशी आले. साठीचे, कपाळावर विभूती, कान पैलवानाचे, म्हणजे चुरगळून मिटलेले.

“अण्णाराव, एक अर्ज हाय,” ते म्हणाले.

अण्णाराव गावचे पाटील आणि जत्रेच्या पंचांचे मुख्य. तोंडात पान होतं. त्यांनी मान हलवून बोला म्हटलं.

“माझं पोरगं जिंकलं तर त्याला कुणी हात लावायचा न्हाय. त्याचं त्यो चालत भाईर यील, अंगावर चादर घील, दम खाईल. मग काय नाचायचं ते नाचा. नेमच करा तसा. हारंल त्यालाबी त्योच नेम.”

“हारल्याला कोण उचलतंय, वस्ताद?” मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळी बाज हसली.

इथल्या चालीप्रमाणे जिंकलेल्या पैलवानाचा पाय आखाड्यापासून देवळाच्या पायरीपर्यंत जमिनीला लागू द्यायचा नसतो. त्याला खांद्यावर घेतात. दोघं जण दोन बाजूंनी त्याचे हात मनगटाला धरून वर ताणून ठेवतात, काठीला निशाण ठेवावं तसे. मधलं अंतर तीन फर्लांग, पण नाचत जातात म्हणून तासभर लागतो.

अण्णारावांनी पानाची पिंक बाजेखाली टाकली. ती माझ्या वहाणेपासून चार बोटांवर पडली.

“वस्ताद, तालीम काढायची तर सरकारची इजाजत. सभेला इजाजत. चार माणसं रस्त्यानं मिळून चालली तर ठाण्याचा अमीनसायब इचारतो, कुठं चाललाव. वर्साकाठी ही एकच मिरवणूक हाय, जिला कुनाच्या बापाला इचारावं लागत न्हाय. तिलाबी तुमी कायदा लावा. सरकारचं काम तुमीच करून टाका.”

लोकांनी “बराबर! बराबर!” केलं. हे बोलणं मलाही खोडता आलं नसतं. त्या साली आमच्या हैदराबाद संस्थानात मोठ्यानं आनंद करायलाही जागा थोडी होती, हे खरं होतं.

“मिरवणूक काढा की,” वस्ताद म्हणाले. “म्या कुठं न्हाय मनतो? पर औतावरनं सुटलेल्या बैलालाबी आदी पाणी दावत्यात, मग शिंगं रंगवत्यात.”

“तुमच्या कळंबात चालू द्या ही शिस्त. हितं भैरोबाची जत्रा हाय, मयताची बैठक न्हाय.”

पुन्हा हशा झाला. वस्ताद आखाड्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

हलगी थांबली आणि कुस्ती लागली. पहिल्यांदा दोघं नुसते हात झटकत फिरले. मग गुंडप्पानं पट काढून बिरदेवाला खाली घेतलं आणि वरून कस भरला, म्हणजे कमरेला पकड घातली. बिरदेव पालथा, हाताच्या कोपरांवर. बराच वेळ दोघांपैकी कुणीच हललं नाही. फक्त बरगड्या वर-खाली होत होत्या. मग गुंडप्पानं त्याला उताणा करायला जोर लावला. बिरदेवानं डोकं आणि टाचा टेकून पूल बांधला, पाठ जमिनीपासून वर धरली. गुंडप्पाचं सगळं वजन त्याच्या उजव्या खांद्यावर होतं. खांदा खाली दाबला जात होता आणि डोकं डाव्या बाजूला वळलं होतं. मान आणि खांदा यांमधला कोन मला उघडताना दिसला. एका क्षणी बिरदेवाचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. त्याच क्षणी त्यानं पायाचा हिसका दिला. गुंडप्पा स्वतःच्याच वजनानं पुढं ओढला गेला, फिरला, आणि त्याची पाठ मातीला लागली.

मी घड्याळ पाहिलं. बोलीच्या वेळेच्या आत कुस्ती निकाली झाली होती.

बिरदेव डावा हात टेकून उठला. उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता, तळवा मागं वळलेला. कुस्ती संपल्यावर हाताला हात लावायचा असतो, म्हणून गुंडप्पानं हात पुढं केला. बिरदेवानं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात आला नाही. गुंडप्पानं खाली वाकून तो हात उचलून पाहिला आणि सोडला. ओलं फडकं पडावं तसा तो पडला. गुंडप्पानं घाबरून आमच्या बाजेकडे पाहिलं.

तेवढ्यात माणसं आत घुसली.

चार पोती गुलाल एकदम उधळला तर दहा हातांवरचं दिसत नाही. दिसायला लागलं तेव्हा बिरदेव खांद्यांवर होता. धनगरवाडीचा श्रीमंत नावाचा एक दांडगा गडी उजव्या बाजूला होता. त्यानं बिरदेवाचं उजवं मनगट दोन्ही हातांनी धरून वर ताणलं होतं. हलगीचा ठेका बदलला की श्रीमंत उडी मारायचा आणि उडीबरोबर तो हात हिसडला जायचा.

वस्ताद आणि मी दोन बाजूंनी आत शिरलो. माझ्या तोंडात गुलाल गेला. गुलाल, घाम आणि पान यांचा चिखल लोकांच्या हनुवट्यांवरून गळत होता. कुणीतरी माझ्या पाठीला तोंड पुसलं. “हात सोडा! उजवा हात सोडा त्याचा!” मी ओरडत होतो. माझ्या शेजारचा म्हातारा खूश होऊन माझ्याच गालाला गुलाल फासून म्हणाला, “मास्तर, आज वरडा! आज कुनी न्हाय इचारत!”

गुंडप्पा मात्र श्रीमंतापर्यंत पोचला. एवढं अंग असून त्यानं हात जोडले होते.

“अरं अप्पा, त्याचा हात गेलाय म्हणूलालोय मी! माझ्या डावात गेलाय, मला कळलंय! खाली घ्या त्याला!”

“हारलंय आनि हात मोडला सांगाया आलंय!” श्रीमंत खिदळला.

“अय, पाठीची माती तर झाड आदी!”

एकानं त्याच्या तोंडावर मातीचा गोळा मारला, दुसरा त्याच्यावर थुंकला. दोन घटकांपूर्वी ज्याच्या ताकदीला हेच लोक शिट्ट्या मारत होते, त्याला त्यांनी कोपरांनी ढकलत आखाड्याबाहेर काढलं. हरलेल्या माणसाचं बोलणं त्या दिवशी पुरावा म्हणून धरलं जाणार नव्हतं.

मग बिरदेव ओरडला. “खाली ठिवा! माझा हात! खाली ठिवा मला!”

त्याचं अंग थरथरत होतं. मान एका बाजूला कलली होती. उजव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली आली होती आणि त्या डोळ्यातली बाहुली डाव्या डोळ्यातल्या बाहुलीपेक्षा लहान होती; दोन्ही डोळे एकाच उन्हात असून लहान होती. मला त्याचं कारण त्या वेळी माहीत नव्हतं. बाकीच्यांना लगेच कळलं.

“वारं आलं! भैरोबा आला अंगात!”

“डोळा बघा! द्येवाचा डोळा हाय त्यो!”

हलग्या दुप्पट वेगानं वाजायला लागल्या. तो खाली ठेवा म्हणत होता तसे ते त्याला आणखी उंच धरत होते, कारण देव भक्ताची परीक्षा बघतो, खाली ठेवा म्हणतो आणि ठेवलं की कोपतो. हे मला वाटेत तीन जणांनी समजावून सांगितलं. बायका पुढं येऊन त्याच्या पोटरीवरचा घाम बोटानं टिपून लेकरांच्या कपाळाला लावत होत्या. अर्ध्या वाटेवर वेदनेनं त्याला उलटी झाली. ती खालच्या माणसांच्या फेट्यांवर पडली. त्यांनी जयजयकार केला. एका धोतरवाल्यानं, चांगल्या घरच्या दिसणाऱ्या, ती फेट्यावरून दोन बोटांनी घेतली आणि भुवयांच्या मधे लावली. मी रस्त्याच्या कडेला वाकलो. माझ्या पोटात होतं तेही बाहेर आलं. त्याला कुणी हात लावला नाही.

सबंध वाट श्रीमंतानं मनगट सोडलं नाही. तो दमला तेव्हा त्यानं तो हात दुसऱ्याकडे दिला, काठी द्यावी तसा.

देवळाच्या पायरीवर हरणाबाई ओवाळायला उभी होती. ताटात दिवा, नारळ, भाकरीचा तुकडा. लोक तिला आधीच सांगत पळत आले होते, म्हातारे, तुझ्या पोटी देव आला. अण्णाराव हात जोडून तिच्या शेजारी उभे राहिले. मिरवणूक पायरीशी आली तशी हरणाबाईनं ताट खाली ठेवलं, पदर पसरला आणि स्वतःच्या पोराच्या पायांवर डोकं टेकलं. ते पाय दोन माणसांच्या छातीवर लोंबत होते, त्यामुळे तिला टाचा उंचावाव्या लागल्या. त्या दिवशी पाहिलेल्यांतलं हे मला सगळ्यांत असह्य झालं. मी मान वळवली.

“आये,” बिरदेव म्हणाला. हलगी पायरीशी थांबवतात, म्हणून ते सगळ्यांना ऐकू आलं. “आये, म्या हाय. मला हात न्हाय गं.”

हरणाबाईनं डोकं वर केलं. तिनं त्याचा डोळा पाहिला, मग श्रीमंताच्या मुठीतलं मनगट पाहिलं. बोटं निळी पडली होती.

“आवं पाटील,” ती अण्णारावांना म्हणाली, “द्येव मला आये मनंल व्हय?”

तिनं त्यांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं.

“द्येवाला आई असती का? सांगा की. तुमी जानते हाव.”

“द्येव कायबी मनंल, म्हातारे,” मागून एक आवाज आला, पण त्यात जोर नव्हता.

“मला वळखतंय त्ये. द्येव न्हाय त्यो. माझं प्वार हाय. खाली ठिवा त्याला!” आणि तिनं श्रीमंताच्या हातावर दात रोवले.

श्रीमंतानं मनगट सोडलं. तो हात इतक्या वरून खाली आला की बाजूच्या माणसाच्या कानशिलावर आपटला. बिरदेवाला त्याचं काही कळलं नाही. वस्तादांनी फेटा सोडून तो हात त्याच्या छातीशी बांधला. देवळाच्या फरशीवर बसून हे करताना त्यांचे ओठ हलत होते. मंत्र म्हणत असतील असं मला वाटलं. जवळ गेल्यावर कळलं, ते शिव्या देत होते.

त्याच संध्याकाळी आम्ही त्याला बैलगाडीतून बार्शीला नेलं. बार्शी इंग्रजी अमलात, म्हणून वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका. नाकेदारानं गाडीतल्या कडब्यात काठी खुपसून पाहिली, बिरदेवाचं लाल तोंड पाहिलं आणि विचारलं, “जिंकला का?”

“जिंकला,” वस्ताद म्हणाले.

“मग रडतो कशाला?”

बार्शीच्या डॉक्टरांनी त्याला टाचणी टोचून पाहिली. खांद्यापासून बोटांपर्यंत त्याला काही लागलं नाही. डोळ्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग मला बाहेर घेऊन त्यांनी समजावलं. हाताच्या नसा मानेच्या मणक्यांतून निघतात. मान एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला की त्या ताणतात, फार ताणला की मुळातून उपटतात. डोळ्याच्या बाहुलीला जाणारा एक धागा त्याच मुळांजवळून जातो, म्हणून बाहुली लहान आणि पापणी जड.

“ताणलेल्या असतील तर हात पुष्कळदा परत येतो. छातीशी बांधून स्वस्थ ठेवायचा, एवढंच करायचं असतं. उपटलेल्या असतील तर येत नाही.”

“कुस्तीत ताणल्या आणि मिरवणुकीत उपटल्या, असं म्हणता येईल?”

“तसं म्हणायला मला आवडेल,” ते म्हणाले. “पण कोणत्या वेळी काय झालं हे हात बघून सांगता येत नाही. तीन महिने थांबा. नस जिवंत असेल तर स्नायू तग धरतो. मेली असेल तर दंड वाळतो.” आणि त्यांनी फीत घेऊन कोपराच्या टोकापासून सहा इंचांवर दोन्ही दंड मोजले. दोन्ही सव्वाचौदा इंच.

दहा-बारा दिवसांनी मी धनगरवाडीला गेलो. तिथं नारळांचा ढीग होता. मिरवणुकीत अंगात देव आला तेव्हा तो हात देवानं आपल्याजवळ ठेवून घेतला आहे, असं आता लोक म्हणत होते. त्याचा मान ठेवला की परत देईल. परगावची माणसं येऊन छातीशी बांधलेला हात सोडवत आणि त्याला नवसाचे दोरे बांधून जात. मनगटापासून कोपरापर्यंत दोरे होते. त्याखाली कातडी सुजून पांढरी पडली होती आणि तिला वास येत होता. हरणाबाई नको म्हणायची तर लोक तिला पापीण म्हणायचे. मी खिशातला चाकू काढून सगळे दोरे कापले. कापताना बिरदेव दुसरीकडे बघत होता. ओसरीवर मेंढरं कातरायची कातर पडली होती. तो डाव्या हातानं प्रयत्न करत असावा, कारण तिथल्याच एका मेंढीच्या पाठीवर तीन ताज्या जखमा होत्या.

त्याच दुपारी वस्तादही कळंबहून आले. आम्ही बिरदेवाला घेऊन अण्णारावांच्या ओट्यावर गेलो. पंच जमले. वस्तादांनी पुन्हा तेच मागितलं. जिंकलेला पैलवान आपल्या पायानं आखाड्याबाहेर येईपर्यंत कुणी शिवायचं नाही, आणि हात धरून ताणायची चाल बंद.

“एका पोराला झालं म्हनून साऱ्या मुलखाचा आनंद बंद?” एक पंच म्हणाला.

“आनंद नगं मनत न्हाय म्या. आनंदाला लगाम मागतो.”

“लगाम घातल्यावर त्यो कसला आनंद?”

“मग घोडं सोडा मोकळं आनि तुमच्या लेकरांना झोपवा त्याच्या टापांखाली!” वस्तादांचा आवाज फाटला.

अण्णाराव सुपारी कातरत होते. ते वाईट मनुष्य नव्हते. बिरदेवाच्या घरी दोन पायली ज्वारी त्यांनी न सांगता पोचवली होती. पण देवळाच्या पायरीवर त्यांनी स्वतः हात जोडले होते, आणि ते हजारो लोकांनी पाहिलं होतं.

“असं करू,” ते शेवटी म्हणाले. “मास्तर सांगतेत, तीन म्हैन्यांनी कळंल. तवर थांबू. हात भरला तर भैरोबानं दिला, मग नेम नगं. हात वाळला तर वस्ताद मनतेत त्यो नेम पुढल्या चैत्रापासनं. माझा सबुद. मास्तरांनी समद्यांसमोर मोजावं.”

“माझ्या पोराचा हात तुमच्या पैजंला लावता व्हय?” वस्ताद उठले.

“मोजा,” बिरदेव म्हणाला. त्यानं उजवा हात डाव्या हातानं उचलून माझ्यापुढं धरला. “मोजा मास्तर. मलाबी बघायचंय.”

त्या तीन महिन्यांत माझ्याकडे दोन पंच वेगवेगळे येऊन गेले. एकानं विचारलं, फीत ढिली धरली तर किती फरक पडतो. दुसऱ्यानं विचारलं, हाताला आधी तेल चोळून शेकला तर फुगलेला दिसेल का. दोघांनाही मी खरं ते सांगितलं आणि दोघं गेल्यावर हात धुतले.

आषाढात, ठरल्या दिवशी, अण्णारावांच्या ओट्यावर सगळे जमले. ओटा भरून खाली अंगणात लोक उभे होते. सास्तूरहून गुंडप्पा आला होता. तो मागं भिंतीशी उभा राहिला. हरणाबाई पोराच्या शेजारी बसली. बिरदेवानं डाव्या हातानं सदरा काढला. मी कोपराच्या टोकापासून सहा इंचांवर दोन्ही दंडांवर कोळशानं खूण केली. प्रत्येक दंड तीनदा मोजला. फीत प्रत्येक वेळी अण्णारावांना वाचायला दिली आणि त्यांनी मोठ्यानं वाचलं.

डावा दंड, तालीम सुटल्यानं थोडा उतरलेला, पावणेचौदा इंच, तिन्ही वेळा. उजवा दंड सव्वाअकरा, सव्वाअकरा, आणि तिसऱ्या वेळी त्याहून एक सूत कमी.